मिरजेत वऱ्हाड उतरलं आणि नवरदेव पुढं गेला

कोल्हापूरहून कऱ्हाडला वऱ्हाड न्यायचं असेल तर रेल्वेनं नेऊ नका. न्यायचंच असेल तर सोबत मामा घेऊ नका. आणि मामा टाळता येत नसेल, तर निदान त्याला मिरजेचं स्टेशन आधी एकदा नीट दाखवून आणा. एवढं सांगून मी मोकळा झालो असतो, पण परवा पुतणीनं फोनवर विचारलं, "काका, आम्ही पंचवीसजण कऱ्हाडला लग्नाला चाललोय, गाडी बरी पडेल का बस?" तिला तोंडी सांगायला बसलो असतो तर तिचं लग्नाचं काम राहिलं असतं. म्हणून लिहून काढतो. ज्यांना घाई आहे त्यांनी बस धरावी.

गोष्ट सत्तरच्या दशकाच्या शेवटाकडची. मी सव्वीस वर्षांचा, उद्यमनगरात लेथवर कामाला. वडील नव्हते, त्यामुळं लग्नातला सगळा कारभार मामाकडं. त्या काळी आमच्याकडचं वऱ्हाड ट्रकनं जायचं. खाली पेंढा टाकायचा, वर ताडपत्री अंथरायची, बायका आत, पुरुष फाळक्याला टेकून, की निघालं वऱ्हाड. मामानं मात्र जाहीर केलं, "माझ्या भाच्याचं वऱ्हाड रेल्वेनं जाणार. ट्रकातनं ऊस नेत्यात."

मामाला रेल्वेतलं सगळं कळतं, याबद्दल आमच्या घरात कुणालाच शंका नव्हती. त्याचा चपलांचा धंदा होता आणि दर मंगळवारी तो चपलांचं गाठोडं घेऊन मिरजेला जायचा. रुकडीला गाडी किती थांबते, हातकणंगल्याला भजी कुठल्या बाजूला मिळतात, जयसिंगपूरला गर्दी कुठल्या डब्यात घुसते, सगळं त्याला तोंडपाठ. फक्त एक गोष्ट आमच्या कुणाच्या ध्यानात आली नाही, मामाच्याही नाही. तो दर मंगळवारी मिरजेला उतरायचा. मिरजेच्या पुढं तो जन्मात कधी गेला नव्हता.

आता मुलीकडचं सांगतो, नाहीतर पुढचं नुसतं हसण्यावारी जाईल. सुमनचं लग्न दोन वर्षांपूर्वी एकदा ठरलं होतं. मांडव पडला, जेवण शिजलं, मुहूर्त टळला, आणि वऱ्हाड आलंच नाही. संध्याकाळी एकजण सायकलवरून निरोप घेऊन आला की मुलाचं मन बदललं. मन त्याचं बदललं आणि बोलणी हिला बसली. मी बघायला गेलो तेव्हा मामानं तिला स्वयंपाकाचं विचारलं, शिवणाचं विचारलं, आणि मग मोठेपणानं म्हणाला, "तुला काय इचारायचं आसंल तर इचार, पोरी." असं कुणी खरंच विचारत नसतं. हिनं विचारलं. माझ्याकडं बघून म्हणाली, "तुम्ही येणार ना नक्की?" पोह्याची बशी माझ्या हातात तशीच राहिली. मी म्हटलं, "येणार." त्या दिवशी एवढंच आमचं बोलणं झालं.

मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. सकाळची मुंबईकडं जाणारी गाडी अकराच्या सुमारास कऱ्हाडला पोचायची, आणि सुमनच्या वडिलांचं घर स्टेशनला लागूनच. तात्या शिंपी होते, मांडव दुकानासमोरच घातला होता. आदल्या दिवशी जावं असं आई म्हणत होती. मामा म्हणाला, "अक्का, रेल्वे म्हंजे घड्याळ हाय. उगं एक रातीचा मुक्काम त्यांच्या गळ्यात कशाला?" आईनं मान डोलावली.

तर सकाळी सात वाजता आम्ही चाळीसजण कोल्हापूर स्टेशनवर. मी हळद लागलेला, कपाळाला मुंडावळ्या, हातात कट्यार आणि तिच्या टोकाला लिंबू खोचलेलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, हळद लागली की नवरदेवाला एकट्याला सोडायचं नसतं. भूतखेत, नजर, काय वाटेल ते लागतं म्हणतात. म्हणून हातात लोखंड आणि सोबतीला माणूस. माझा माणूस म्हणजे मामाचा पोरगा संभा. वय चोवीस, भूक कायमची.

गाडीत शिरण्याची एक पद्धत आमच्याकडं होती, अजूनही असेल. गाडी फलाटाला लागायच्या आधीच खिडकीतून टॉवेल, टोपी, पिशवी, जे हाताला येईल ते बाकावर टाकायचं, म्हणजे जागा आपली. मामानं उत्साहाच्या भरात सुमनच्या शालूची पेटीच खिडकीतून आत ढकलली. ती आत झोपलेल्या एका गृहस्थाच्या पोटावर पडली. "पावणं, लग्नाला चाललोय," मामा बाहेरून ओरडला. "मग मला मारून जाताय व्हय?" आतून आवाज आला. पुढं हातकणंगल्यापर्यंत त्याच गृहस्थानं आमच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आणि उतरताना मला आशीर्वादही दिला.

मिरजेपर्यंतचा प्रवास झकास होतो, हे मी मान्य करतो. वळिवडे गेलं की पंचगंगेचा पूल येतो, खिडकी डावी धरा की उजवी, पाणी दोन्हीकडं दिसतं. बायकांनी नदीत पैसे टाकले, मामानं सुपारी टाकली. मग ऊस, मग आणखी ऊस. प्रत्येक स्टेशनला मामा उठून उभा राहायचा आणि स्टेशनची माहिती सांगायचा. जयसिंगपूरला भडंग घ्या, तिखट असतं पण सोडवत नाही. कृष्णेचा पूल ओलांडला आणि मामा म्हणाला, "आली मिरज. हितं गाडी निवांत थांबती. पाय मोकळं करा."

मी आणि संभा चहाला उतरलो. संभा चहाच्या गाड्याकडं गेला आणि मी उभ्या उभ्या एक गंमत बघत राहिलो. आमच्या गाडीचं इंजिन सोडलं, ते दुसऱ्या रुळावरून मागं गेलं आणि गाडीच्या शेपटीला येऊन लागलं. मी एका हमालाला विचारलं, "हे काय चाललंय?"

"कोल्हापूरच्या गाडीचं हितं तोंड फिरतंय की," तो म्हणाला. "ज्या बाजूनं आली त्याच बाजूनं भायेर पडती, आन मग सांगलीकडं वळती. रोजचंच हाय." मग माझ्या हातातल्या लिंबाकडं बघून म्हणाला, "पैल्यांदाच काय?" लग्न की प्रवास, ते त्यानं सांगितलं नाही. मी दोन्हीला हो म्हणालो.

हे मामाला सांगायला हवं, असं माझ्या मनात आलंच होतं. तेवढ्यात शिट्टी झाली. संभा दोन कप घेऊन आमच्या डब्याकडं पळाला. मी इंजिन सुटलं त्या, फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला. धोतर सावरत, कट्यार सावरत समोर आला त्या डब्यात चढलो. त्या डब्यांना आतून एकमेकांत जायची वाट नव्हती. म्हटलं, असू दे, पुढच्या स्टेशनला डबा बदलू.

हळद माखलेला, हातात सुरी घेतलेला माणूस धापा टाकत डब्यात शिरला तर काय होतं, हे मला त्या दिवशी कळलं. अख्खा बाक मोकळा झाला. एका बाईनं पोराला पदराखाली घेतलं. फक्त खिडकीजवळचं एक म्हातारं जोडपं हललं नाही. म्हातारीनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "अय्यो! नवरदेव हाय की. तम्मा, बाळा, एकटाच कसा रे तू?"

ती गौराक्का आणि तिचा नवरा मल्लाप्पा अण्णा. रायबागकडचे, तिकडून छोट्या गाडीनं मिरजेला येऊन इथं गाडी बदललेली, लेकाकडं पुण्याला निघालेले. मी सांगितलं की वऱ्हाड याच गाडीत पुढच्या डब्यात आहे, चिंता नाही. "चिंता हाय," गौराक्का म्हणाली. "हळदीच्या अंगानं एकटं फिरतोस? बस हितं, आमच्या मधी." आणि मला दोघांच्या मध्ये दाबून बसवलं.

गाडी मिरजेतून बाहेर पडली आणि थोडी जाऊन सिग्नलला थांबली. बाहेर गलका ऐकू आला. आवाज ओळखीचा वाटला. मी अण्णांच्या मांडीवरून वाकून खिडकीबाहेर पाहिलं.

रुळाच्या कडेला शाळूच्या रानात माझं वऱ्हाड उभं होतं. अख्खं. आई, आत्या, करवल्या, ट्रंका, पेट्या, फेट्यांची टोपली, आणि सगळ्यांच्या मध्ये मामा. दाराशी उभा राहून तो शेवटच्या म्हाताऱ्या चुलत्याला हात धरून खाली घेत होता.

आईनं नंतर सांगितलं ते असं. गाडी सुटली आणि मामाच्या लक्षात आलं की आपण पाठीमागं चाललोय. मग त्याला मघाचीच सिग्नलची केबिन दिसली, मघाचाच पाण्याचा हौद दिसला, आणि तो ताडकन उठला. "घात झाला! गाडी परत कोल्हापूरला निघाली!" एवढं पुरलं. बारा वर्षं मंगळवार चुकवला नाही असा माणूस सांगतोय म्हटल्यावर कोण बोलणार? डब्यातल्या एका मास्तरांनी सांगायचा प्रयत्न केला, तर मामा त्यांना म्हणाला, "गुरुजी, तुमी भूगोल शिकवा, रेल्वे मला इचारा." नवरदेव कुठाय, हे आईनं विचारलं. संभा हातातले दोन कप बघत म्हणाला, "माझ्या मागंच चढला की." मामाला वाटलं मी उतरलो, आईला वाटलं मी संभाबरोबर, आणि संभाला काहीच वाटलं नाही, तो दुसरा कपही प्याला होता.

"मामाऽऽ!" मी खिडकीतून ओरडलो. "चढा! गाडी बरोबर हाय!"

मामानं वळून पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. "आरं उतर! उतर लेका! कोल्हापूरला जाशील!"

"कऱ्हाडला चाललीय! चढा!"

"उतर!"

"चढा!"

अर्धे चढायला धावले, मामानं त्यांना मागं ओढलं. आत्या एक पाय पायरीवर ठेवून रडत होती. तेवढ्यात सिग्नल पडला आणि गाडीनं झटका दिला. आत्यानं पाय काढून घेतला. मामा गाडीबरोबर पळत होता, एका हातात शालूची पेटी. "मारुतीची आन हाय तुला! उतर!"

मी दारापर्यंत गेलो होतो. गाडी अजून चालण्याच्याच वेगानं जात होती, उडी सहज मारता आली असती. खाली आई होती, सगळी माझी माणसं होती. आणि तिकडं मांडवात ती बसली असणार, कान स्टेशनकडं लावून. वऱ्हाड चुकलं, उशिरा आलं, रागावलं, तरी ते समजावता येतं. पण ती गाडी कऱ्हाडला जाऊन माझ्याशिवाय पुढं गेली असती, तर तात्यांच्या दारात पुन्हा कोण काय बोललं असतं याचा विचारही मला सहन झाला नाही. मी दार सोडलं आणि बाकावर येऊन बसलो. लिंबू खाली पडलं, ते अण्णांनी उचलून पुन्हा खोचून दिलं.

सांगली आली तेव्हा फलाटावरची पाटी बघून मला एकट्यालाच हसू आलं. मामा असता तर म्हणाला असता, पाटी चुकलीय.

भिलवडी, ताकारी करत गाडी पुढं निघाली तसं मी एकेक मोजायला लागलो. शालू मामाकडं. मंगळसूत्र मामाकडं. उष्टी हळद, म्हणजे नवऱ्याला लावून उरलेली हळद नवरीला लावतात ती, करवलीच्या वाटीत, शाळूच्या रानात. माझ्याकडं कट्यार आणि लिंबू. गौराक्कानं सगळं ऐकून घेतलं, नवऱ्याशी कानडीत चार शब्द बोलली आणि पिशव्या आवरायला लागली.

"अक्का, तुमचं पुणं तर लांब आहे."

"पुणं कुठं पळतंय? हळदीचं पोरगं एकटं मांडवात जातंय व्हय? अण्णा तुझा बाप, मी तुझी आई. वऱ्हाड झालं की."

समोरच्या बाकावरचा एक लष्करातला जवान, इतका वेळ भडंग खात गप्प बसलेला, म्हणाला, "मला कऱ्हाडलाच उतरायचंय. मी करवला होईन." असे आम्ही चौघं.

कऱ्हाडला फलाटावर वाजंत्री तयार. गाडी थांबताच सनई सुरू झाली. तात्या हार घेऊन पुढच्या डब्याकडं धावले, मग मधल्या डब्याकडं, आणि मग आम्ही चौघं उतरलो ते मागच्या डब्यातून. सनई मध्येच बंद पडली. गाडी निघून गेली. मागं कुणीच नाही म्हटल्यावर तात्या हार तसाच धरून माझ्यापुढं आले. म्हणाले, "पावणं... वऱ्हाड?"

"चुकलं," मी म्हणालो. "मागनं येतंय. मी आलोय."

त्यांनी हार माझ्या गळ्यात घातला आणि माझे दोन्ही हात धरून तिथंच रडले. मग डोळे पुसून सनईवाल्यावर ओरडले, "बंद का केलीस? वाजीव की!"

पुढं सगळी गौराक्काची सत्ता. तिनं वाटीत थोडं तेल मागितलं, माझा कान मुडपून मागची हळद खरवडली, मानेवरची खरवडली, बंडीच्या काखेतलीसुद्धा सोडली नाही. मी लाजेनं मेलो. "घ्या, उष्टी हळद," म्हणून वाटी आत पाठवली. मंगळसूत्राचं काय, तर तिनं पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधलं. हळकुंड चालतं, जुनी रीत आहे, भटजींनी मान डोलावली. शालू नाही म्हणून सुमन अष्टपुत्रीवरच, हळदीच्या पिवळ्या साडीवरच, उभी राहिली. बारा पस्तीसला अक्षता पडल्या. माझ्या बाजूला माझा बाप म्हणून रायबागचे अण्णा, आणि मागं मामाच्या जागी नाव माहीत नसलेला जवान.

पंगत बसली, पहिला भात वाढला, आणि रस्त्यावर ट्रकचा भोंगा वाजला.

आमचे लोक मिरज स्टेशनला चालत परत गेले होते. तिथं मामाला खरं काय ते कळलं. मग बाहेर जाऊन त्यानं मिरजेत हळद भरून कऱ्हाडकडं निघालेला एक ट्रक थांबवला. पोत्यांवर बसून अख्खं वऱ्हाड आलं. ट्रक थांबला, फाळका पडला आणि एकेकजण उतरायला लागला. सगळे पिवळे. आई पिवळी, आत्या पिवळी, म्हाताऱ्या चुलत्याच्या मिशा पिवळ्या, फेटे पिवळे. संभा तर भुवयांपर्यंत. मांडवात आधी कुणाला काही समजेना, मग पहिली सुमनची आजी हसली आणि मग पत्रावळी सोडून सगळा मांडव हसायला लागला. मामा सगळ्यात शेवटी उतरला. शालूची पेटी छातीशी. त्यानं माझ्या गळ्यातला हार पाहिला, सुमनच्या गळ्यातलं हळकुंड पाहिलं, आणि तात्यांना म्हणाला, "म्हटलं हुतं न्हवं, जेवायला वेळेवर येतो म्हणून?"

मग त्यानं मला बाजूला घेतलं. "उतरला न्हाईस ते बरं केलंस बाबा," एवढंच म्हणाला. त्यानंतर तो दर मंगळवारी मिरजेला जायचा, पण स्टेशनांची माहिती सांगणं बंद झालं. मला ते आवडलं नाही, खरं सांगायचं तर. अक्का आणि अण्णा दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं पुण्याला गेले. दरवर्षी गुळाची ढेप पाठवत राहिलो, ते दोघं होते तोवर.

तर पुतणीसाठी माहिती अशी. गाडी छान आहे. डबे आता आतून जोडलेले असतात, त्यामुळं नवरदेव हरवायची भीती कमी. मिरजेत तोंड फिरतं, घाबरू नये. दागिने, हळद आणि नवरा एकाच डब्यात ठेवावा. हे सगळं लिहिताना गाडी कऱ्हाडला नेमकी कधी पोचली ते आठवेना, म्हणून स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं, "अगं, आपली गाडी सव्वाअकराला आली होती ना?"

"अकरा वीस," सुमन आतूनच म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

ती हात पुसत बाहेर आली. "मी तिथंच होते. पार्सलच्या खोलीमागं. शेजारणीची शाल पांघरून."

एवढी वर्षं ही गोष्ट मी प्रत्येक बारशाला, प्रत्येक मुंजीला सांगतोय. दर वेळी ही पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसते. हे कधी बोलली नव्हती. मी विचारलं, मांडव सोडून नवरी स्टेशनवर कशाला गेली?

"मागच्या खेपेला घरात बसून वाट बघितली होती. लोकांनी येऊन सांगितलं. या खेपेला म्हटलं, जे काय हाय ते आपल्या डोळ्यांनी बघायचं."

"मग वऱ्हाड दिसेना म्हणून घाबरली असशील."

"पुढनं कोण उतरेना, मधनं कोण उतरेना. तात्या नुसतेच पळत होते. मी माघारी वळलेच होते." ती माझ्यासमोर येऊन बसली. "मग शेवटच्या डब्यातनं तुम्ही दिसलात, लिंबू सावरत."

"मग?"

"मग काय? पळत घरी गेले. हळद लावायला बायका येणार होत्या, आणि रडून रडून माझं तोंड केवढं सुजलं होतं. धुवायला नको?"